चौथं शून्य

४ मार्च

ही वही हिने दिली. दिली म्हणजे जेवताना माझ्या ताटाशेजारी आपटली आणि म्हणाली, "तुला जे काय सांगायचंय ते यात लिही. माझ्या जेवणात हृदय नको."

चूक माझीच. ही पडदे शिवते आणि लोकांच्या घरी जाऊन टांगूनही देते. आज कुठल्याशा पिवळ्या पडद्यांच्या बाईची हकिकत अगदी रंगात आली होती, आणि मी मध्येच म्हणालो की सोमवारी हृदय येतंय, गोठवलेलं, अख्खं. तिचा घास हातातच राहिला.

तर वहीबाई, तुला काहीच माहीत नाही असं धरून सांगतो. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते आपलं स्नायूतच बसून असतं, घर सोडून कुठे जात नाही. स्नायूला इजा झाली की मात्र ते रक्तात गळतं, आणि छातीत दुखणारा माणूस दवाखान्यात आला की तिथलं यंत्र रक्तात तेच हुडकतं. आता यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय, हे ठरवणार कसं? त्यासाठी खऱ्या, शुद्ध, नीट मोजलेल्या ट्रोपोनिनची कुपी लागते. वाण्याच्या तराजूला किलोचं वजन लागतं, तसं. ते वजन आम्ही बनवणार. मी आणि खडूस.

खडूस माझा कॉलेजपासूनचा मित्र. हे नाव मीच ठेवलं आणि आजवर बदलायची गरज पडलेली नाही. आमच्या वयात माणसं गुडघे सांभाळतात. आम्ही पगाराच्या नोकऱ्या सोडल्या आणि फुलांचं एक जुनं गोदाम भाड्याने घेतलं, कारण त्यात थंड खोली आयती होती. भिंतींना अजून लिलीचा वास येतो. तपासणीची किट बनवणाऱ्या एका कंपनीने आमची पहिली कुपी तपासून बघायचं कबूल केलंय. पसंत पडली तर कायमचं गिऱ्हाईक मिळालं. नाही पडली तर गोदाम पुन्हा फुलांना. हृदय एकच आहे, हे बिघडलं तर दुसरं करून बघू असं नाही.

परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटतंय, आणि पेपर अजून द्यायचाय.

९ मार्च

आलं.

खोकं उघडल्यावर सुक्या बर्फाचा धूर टेबलावरून खाली सांडला. सोबत एक कागद. प्रत्यारोपणाला उपयोगी पडलं नाही, म्हणून घरच्यांनी संशोधनासाठी दिलं. नाव नाही, ते कधीच नसतं. स्त्री, वय सत्तेचाळीस.

एरवी शब्दाला महाग असलेला खडूस डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "नीट करू हां." खोक्याला म्हणाला की मला, ते कळलं नाही.

हीसुद्धा सत्तेचाळीसचीच. मला उगाचच हिला फोन करावासा वाटला. केला. ती शिडीवर होती, म्हणाली, "काही पेटलंय का? नाही ना? मग नंतर बोल."

१२ मार्च

दिवसभर थंड खोलीत. हृदय बारीक करायचं, त्यातलं रक्त धुऊन काढायचं, पुन्हा धुवायचं, मग स्नायूतलं प्रथिन सोडवायचं. सगळं गारठ्यातच, कारण जरा ऊब लागली की प्रथिन नासतं. मी दोन स्वेटर घालून उभा. खडूसचं नाक टोमॅटोसारखं लाल.

थेंब मोजायची एक पिपेट सापडेना, म्हणून मी ताईच्या नावाने शंख केला. ती माझ्याच वरच्या खिशात निघाली. काखेत कळसा. ताई म्हणजे आमची तिसरी. आधी दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. रक्त काढणं, तपासण्या लावणं आणि आम्हाला धाकात ठेवणं ही तिची कामं. वयाने आमच्याहून पुष्कळ लहान, पण पहिल्याच दिवशी तिने खडूसला "हात धुतलेत का?" असं दरडावून विचारलं, तेव्हापासून आम्हा दोघांची ताई.

हिची दाढ दुखतेय. मधूनच दुखते, मधूनच थांबते. दातांच्या डॉक्टरांनी सगळे दात ठोकून बघितले, एकही दोषी सापडला नाही. मी म्हणालो, दिवसभर दातांत टाचण्या धरून काम करतेस, जबडा दुखणारच. तिला पटलं.

१८ मार्च

डोंगर आला, डोंगर!

नीट लिहितो. एका काचेच्या नळीत बारीक मणी भरलेले असतात. त्या मण्यांना फक्त ट्रोपोनिन चिकटतं, बाकी सगळं धुऊन निघून जातं. मग वेगळा द्रव सोडायचा की मणी आपली पकड सोडतात आणि शुद्ध माल खाली येतो. येतोय की नाही ते संगणकाच्या पडद्यावरच्या रेघेवरून कळतं. सकाळपासून रेघ आडवी. जेवणाची वेळ टळली तरी आडवी. माझी पाचावर धारण बसली. खडूस म्हणाला, "रेघेकडे असं बघू नकोस, लाजेल ती." आणि तेवढ्यात रेघ उठली. सरळ वर गेली, वर टोक काढलं आणि तितक्याच सुबकपणे खाली उतरली. खडूसने शीळ घातली. आजपर्यंत मी त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

रेघेचा कागद घेऊन मी घरी पळत सुटलो. जिन्यातच ही भेटली. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, आणि ही दुसऱ्या मजल्यावर कापडाचा गठ्ठा कठड्यावर टेकवून पर्समध्ये किल्ली शोधत होती. मी म्हणालो, "इथेच शोधतेस?" म्हणाली, "वर गेल्यावर शोधायला नको." हुशार आहे. मी तिथेच कागद उलगडून तिला डोंगर दाखवला. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, एकदाही टोकलं नाही. इतकं मन लावून तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

२३ मार्च

माल शुद्ध आहे. तपासून झालं. प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर एकच पट्टी, ठळक, आजूबाजूला डाग नाही. आता शेवटचा टप्पा.

निरोगी माणसाच्या रक्तात ट्रोपोनिन जवळजवळ नसतंच. अशा रक्तातलं निवळ पाणी, म्हणजे सीरम, त्याला आम्ही आपसात 'शून्य' म्हणतो. शून्यात आपलं प्रथिन मोजून मिसळायचं आणि तपासणी बरोबर तेवढाच आकडा दाखवते का ते बघायचं. कंपनीने चार शून्यं मागितलीत, दोन पुरुष आणि दोन बायका. मी, खडूस, ताई. चौथी कोण, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. घरचीच आहे.

ही म्हणाली, "इतकी वर्षं रक्त आटवलंस, आता काढूनही घे."

ताईने गोदामातच रक्त काढलं. बाही खाली करताना हिने विचारलं, "पण मी निरोगी आहे असं कोण म्हणालं?"

"मी," मी म्हणालो.

२५ मार्च

तीन शून्यं शून्य. चौथ्यात आकडा.

लहानसा आहे, पण आहे. आम्ही काही मिसळायच्या आधीच. आमचं प्रथिन कुठेतरी सांडलंय, कुठल्यातरी टोपणाला नाहीतर हातमोज्याला लागलंय आणि तिथून हिच्या नळीत गेलंय. दुसरं काय असणार? या मालाचा एक थेंब म्हणजे अख्ख्या गावाच्या रक्तात मावणार नाही इतकं ट्रोपोनिन. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला हवं. जागा अस्वच्छ आहे असा कंपनीला नुसता वास आला तरी आमचा कारभार आटोपला.

उद्या सगळं धुवायचं.

३१ मार्च

धुतलं. टेबलं, फ्रीज, दारांच्या मुठी, खडूसचा चष्मा. हिचं रक्त नव्याने काढलं, नवी नळी, नवी टोपणं. आकडा आला, आणि आधीपेक्षा मोठा आला.

मी ताईवर घसरलो. म्हणालो, तुझ्याच हातून होतंय. ती शांतपणे म्हणाली, "सर, चारही नळ्या माझ्या हातच्या आहेत. माझे हात खराब असते तर चारही खराब झाल्या असत्या." यावर मी आणखी ओरडलो. ती एप्रन खुंटीला अडकवून घरी गेली.

खडूस म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." एवढं बोलून तोही गेला.

घरी येऊन हिला सांगावं म्हटलं, तर ही न जेवताच आडवी झालेली. पित्त झालंय म्हणाली. आजकाल हिला पित्त फार होतं.

६ एप्रिल

ताई परत आली. मी कान पकडले. माफ केलंय असं ती तोंडाने तरी म्हणाली.

खडूसने सोपा मार्ग काढला. "वहिनींची नळी टाकून दे. शेजारच्या दुकानातली बाई घे, तिचं शून्य लाव, काम संपव." मला एकदम हलकं वाटलं. खरंच की, हिच्याच नळीवर अडून बसायची काय गरज? मी नळी कचऱ्याच्या डब्यावर धरलीसुद्धा.

ताई आडवी आली. "आता ही माझ्या अब्रूची गोष्ट आहे. वहिनींचं रक्त मी त्यांच्या घरी काढणार. इथली एक सुईसुद्धा वापरणार नाही. माझ्या जुन्या दवाखान्यातून सामान आणते, तिथेच सीरम वेगळं करून घेते, नळी सीलबंद करून परस्पर कंपनीला पाठवते. ती नळी या गोदामाचा उंबरठासुद्धा बघणार नाही. मग कळेल कुणाचे हात खराब आहेत ते."

बायकांच्या हट्टापुढे आपण काय बोलणार. हो म्हणालो.

८ एप्रिल

ताई सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेली. ही दमलेली दिसली. काल एका हॉटेलचा अख्खा मजला एकटीने केला, खिडक्या सगळ्या उंच. डावा खांदा भरून आलाय म्हणाली. मी म्हणालो, दिवसभर हात वर करून काम म्हणजे काय चेष्टा आहे? एखादी मदतनीस ठेव. असं म्हणून मी तिला चहासुद्धा करून दिला. उत्साहात असलो की मी फार चांगला नवरा असतो.

आमची कुपी आणि बाकीची तीन शून्यं दुपारी वेगळ्या खोक्यातून रवाना झाली. खोकं गाडीत चढलं तेव्हा खडूसने त्याच्या झाकणावर दोन वेळा थाप मारली. आता वाट बघायची. मला वाट बघता येत नाही, हे सगळ्या गोदामाला माहीत आहे.

२४ एप्रिल

पास! वही कुठे आहे म्हणून शोधत होतो, तर याच टेबलाच्या खणात. आत्ता, भर दुपारी, गोदामात बसून लिहितोय. खडूस सगळ्यांसाठी खायला आणायला गेलाय, स्वतःहून, स्वतःच्या पैशाने. ताई हसतेय.

अहवालातलं वाक्य उतरवून ठेवतो: "नमुना अत्यंत शुद्ध असून आमच्या सर्व यंत्रांवर मोजलेले प्रमाण तुमच्या लेबलशी तंतोतंत जुळते." तंतोतंत! अंगावर मूठभर मांस चढलं. ऑर्डरचं पुढच्या आठवड्यात कळवतील. म्हणजे आता जगात कुठल्यातरी गावात कुणी छाती धरून दवाखान्यात जाईल, आणि तिथलं यंत्र आमच्या वजनाने मोजून सांगेल की बाबा रे, हे खरं दुखणं आहे. हिला फोन लावला, तिने उचलला नाही. शिडीवर असली की उचलत नाही.

शेवटी एक बारीकशी टीप आहे. "चौथे सीरम शून्य म्हणून पाठवले आहे, मात्र ते हृदयरुग्णाचे दिसते. कृपया लेबल दुरुस्त करावे."

म्हणजे तिथेही तेच. आमच्या कुपीतलं काहीतरी त्यांच्याकडे सांडलं असणार आणि खापर आमच्या लेबलवर. ताई म्हणते, "सर, नीट वाचा. ते नियमाने आधी शून्यं तपासतात. आपली कुपी त्यांनी दुसऱ्या दिवशी उघडली. तारीख दिलीय." मग आपल्याकडून गेलं असेल. पण ती नळी आपल्याकडे कधी आलीच नव्हती. घरी भरली, दवाखान्यात सीलबंद केली, तिथून थेट त्यांच्याकडे. ज्या नळीने आमचं प्रथिन बघितलंसुद्धा नाही, तिच्यात

ते आमचं नव्हतं. तिन्ही वेळा नव्हतं. ते तिचं स्वतःचं आहे.

ती फोन उचलत नाहीये. निघतो.

२८ एप्रिल

दवाखान्यात. ही झोपलीय, बरी आहे. हे वाक्य मी आत्ता चार वेळा मनात म्हणून बघितलं. बरी आहे.

ती एका नव्या घराच्या दिवाणखान्यात सापडली. शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती, दातांत दोन टाचण्या, अर्धा पडदा वर टांगलेला. मी धापा टाकत आत शिरलो तर तीच घाबरून उठली. "तुला काय झालं? छातीत दुखतंय का तुझ्या?"

इथल्या यंत्रानेही आकडा दिला, आमच्यापेक्षाही मोठा. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद. बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही म्हणे. जबडा दुखतो, खांदा दुखतो, पित्त झाल्यासारखं वाटतं, दम लागतो. त्याच संध्याकाळी वाहिनी उघडून आत स्टेंट बसवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." तो शब्द मला सहन झाला नाही. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडलो. शेजारी बसलेल्या खडूसने खाण्याचा पुडा पुढे केला. दुपारपासून तो हातात धरूनच फिरत होता, सोडायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्रास केव्हापासून होता असं डॉक्टरबाईंनी विचारलं. हिला नीट सांगता येईना. मी सांगितलं: दाढ बारा मार्चला, जिना अठराला, पित्त महिनाअखेर, खांदा आठ एप्रिलला. त्या म्हणाल्या, "बरंच लक्ष होतं तुमचं."

"लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "नुसतं लिहिलं होतं."

खोलीत आणल्यावर हिला सगळं सांगितलं. शून्यं, नळ्या, धुलाई, खडूसचा चष्मासुद्धा. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझं ते प्रथिन माझ्याकडेच होतं. उगाच गोदाम भाड्याने घेतलंस."

ताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सर, हात धुतलेत का? पेशंटची खोली आहे."

१२ जून

ऑर्डर आली आणि पहिल्या कुप्या गेल्या. या बातमीवर मी पानंच्या पानं लिहीन असं वाटलं होतं. पण लिहायचं आहे ते वेगळंच.

आज हिचं रक्त पुन्हा तपासलं. दवाखान्याने तपासलंच आहे, पण मला आमच्या वजनाने मोजायचं होतं. ही स्वतः चालत गोदामात आली आणि तिने पहिल्यांदाच सगळं बघितलं. तपासणीच्या पाटीवर छोटे छोटे खळगे असतात. ट्रोपोनिन जितकं जास्त तितका रंग गडद. आमच्या प्रथिनाची रांग फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने रंगत गेली. बाजूला आमचे चार खळगे. मी, खडूस, ताई यांचे पाण्यासारखे. आम्ही तिघं चौथ्यावर डोकी घालून उभे.

पाणी. नितळ पाणी. मी खडूसला मिठी मारली. त्याने ती सहन केली.

हिने वाकून बघितलं. "एवढंच? यात तर काहीच दिसत नाही."

"वहिनी," खडूस म्हणाला, "हेच बघायचं होतं."

मग तिने विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?" मी सांगितलं की नाव कळत नाही, घरच्यांना कळवताही येत नाही. फक्त वय माहीत आहे. वय ऐकून ती थंड खोलीच्या दारापाशी गेली आणि बराच वेळ तिथे नुसती उभी राहिली. जरा वेळाने तिने पंजा लावून दाराची रुंदी मोजली. म्हणाली, "दार उघडलं की गारवा बाहेर जातो. इथे जाड पडदा हवा. मी करून देते." नंतर माझ्याकडे बघून म्हणाली, "शिडीवर तू चढायचं."

आत्ता ती ताटं मांडतेय. मी वही उघडली तशी म्हणाली, "आज लिहायला नको. आज जेवताना सांग. खोकं उघडलं तिथपासून, सगळं."

सांगेन. पण आधी तिला विचारायचंय, त्या पिवळ्या पडद्यांच्या बाईचं पुढे काय झालं. चार मार्चला मी मध्येच बोललो होतो.